लहान मूल पडलं, डोक्याला टेंगूळ आलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालायला शिकणारं मूल पडलं की डोक्याला लागण्याची भीती असते. धडाच्या मानाने डोकं जड असतं, मान कोवळी असते, आणि पडताना हात पुढे टेकवायचं भान यायला वेळ लागतो. यातली बहुतेक टेंगळं आठ-दहा दिवसांत जिरून जातात. मोजक्या वेळी मात्र आत खरोखर इजा झालेली असते, आणि तिथे एकेक तास महत्त्वाचा ठरतो. बालरोग ओपीडीत आईबाबा आणि आजीआजोबा जे प्रश्न रोज विचारतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहे. साधारण पाच वर्षांपर्यंतची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. तुमचं मूल आत्ताच पडलं असेल तर फक्त पहिला प्रश्न वाचा आणि मुलाकडे बघा.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

यातली एक जरी गोष्ट दिसली तरी घरी वाट बघू नका:

- पडल्यावर मूल बेशुद्ध झालं, अगदी काही सेकंद का होईना. किंवा हाकेला ओ देईना, एकटक बघत राहिलं
- झटका किंवा फिट आली
- पुन्हा पुन्हा उलट्या होत आहेत
- मूल गळून गेलंय, गुंगीत आहे, हलवूनही नीट जागं होत नाही
- कशानेही शांत न होणारं रडणं, किंवा नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं
- नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ स्राव येतोय
- एक हात किंवा पाय कमी हलवतंय, चालताना झोक जातोय, तिरळं बघतंय, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसतात
- बाळ शांत असताना, उभं धरूनही टाळू फुगलेली आणि ताठ लागते
- डोक्यावर हाताला खड्डा लागतो, किंवा सूज लिबलिबीत आहे
- बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे; अशा वेळी टेंगूळ लहान असलं तरी दाखवायचंच
- मुलाला रक्त न गोठण्याचा आजार आहे, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, किंवा डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) बसवलेला आहे

उंचीही बघा. दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून, किंवा त्याहून मोठं मूल पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलं असेल, तर ते हसत-खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा. साधा पलंग दोन फुटांच्या आसपास असतो, स्वयंपाकघरातला ओटा जवळजवळ तीन फूट. कडेवरून निसटणं लोक मोजतच नाहीत, पण उभ्या माणसाच्या कडेवरून पडलेलं बाळ तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडलेलं असतं.

मूल बेशुद्ध असेल, फिट चालू असेल किंवा खूप उंचीवरून पडलं असेल, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात या गाडीत डॉक्टर असतो. मानेला मार लागल्याची शंका असेल, तर तिथे आणखी धोका नसल्यास मुलाला हलवू नका.

पडल्या पडल्या काय करायचं? लगेच उचलायचं का?

जोरात रडत, हातपाय झाडत असेल तर उचला आणि छातीशी धरा. लगेच आलेलं रडणं हे चांगलं लक्षण आहे. आधी त्याला शांत करा, तपासणी त्यानंतर. घरातल्या चार जणांनी एकदम आरडाओरडा केला की मूल पडण्यापेक्षा त्यालाच जास्त घाबरतं, आणि मग ते मारामुळे रडतंय की भीतीमुळे हे कोणालाच कळत नाही.

शांत झालं की बोटांच्या टोकांनी सगळं डोकं चाचपा. कपाळापासून सुरुवात करून दोन्ही कानांच्या वरचा भाग, कानामागचं हाड, टाळूच्या आजूबाजूला आणि शेवटी मानेच्या वरची बाजू. जावळ दाट असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनाच कळतं. कुठे बोट लावल्यावर मूल चेहरा आक्रसतं किंवा डोकं बाजूला घेतं तेही लक्षात ठेवा. मग गळ्याचं हाड, हात, पाय. डोक्याच्या टेंगळाकडे सगळ्यांचं लक्ष असताना मोडलेला हात दुसऱ्या दिवशी लक्षात येतो, असं पुष्कळदा होतं.

पडल्याची वेळ कागदावर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्या वेळेपासून होतो.

टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत मार नाही, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. खरं आहे का?

नाही. हा समज घरोघरी आहे आणि त्याने नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि कातडीखाली लगेच हाड. दंडाला मार लागला तर रक्त मांसात पसरतं. कपाळावर त्याला आत जायला जागाच नसते, म्हणून ते वर येतं आणि पाच मिनिटांत लिंबाएवढा फुगवटा दिसतो. हे सगळं कवटीच्या बाहेर घडतं. कवटीच्या आत काय झालं याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. मोठं टेंगूळ असूनही आत काहीच नसू शकतं आणि बाहेर फारसं काही न दिसता आत रक्तस्राव असू शकतो. ‘बाहेर आलं नाही म्हणजे आत गेलं’ हेही तितकंच चुकीचं. आतलं रक्त आणि बाहेरचं रक्त यांच्यामध्ये हाड आहे.

म्हणून टेंगळाचा आकार मोजत बसण्यापेक्षा मूल कसं वागतंय ते बघा. ओळखतंय का, हसतंय का, खेळणं दिलं तर हात पुढे करतंय का, नेहमीसारखं दूध किंवा वरणभात घेतंय का. आईला ‘हे आज आमचं मूल वाटत नाही’ असं वाटत असेल, तर ते डॉक्टरला ठामपणे सांगा. मी या वाक्याला फार किंमत देतो, आणि शास्त्रही देतं. त्याचा उल्लेख पुढच्याच उत्तरात आहे.

टेंगूळ कुठे आहे याने काही फरक पडतो का?

पडतो, विशेषतः दोन वर्षांखाली. कपाळावरचं टेंगूळ सगळ्यात कमी काळजीचं, कारण तिथलं हाड जाड असतं. कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली सूज अधिक गांभीर्याने घ्यायची. बाजूचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून महत्त्वाची रक्तवाहिनी जाते.

२००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत डोक्याला मार लागून आलेली ४२ हजारांहून जास्त मुलं त्यात होती. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून सहा गोष्टी पुढे आल्या: मूल पूर्ण शुद्धीत आहे, कपाळ सोडून दुसरीकडे सूज नाही, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध पडलेलं नाही, मार फार जोराचा नाही, डोकं चाचपताना कवटीचं हाड मोडल्यासारखं लागत नाही, आणि आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखं वागतंय. या सहाही गोष्टी ठीक असतील तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दहा हजारांत दोनपेक्षाही कमी. आज जगभर अनेक डॉक्टर या कसोट्या वापरतात, आणि त्यातली एक कसोटी आईवडिलांचं मत ही आहे.

बर्फ, वाटी, हळद-चुना, की चोळून जिरवायचं?

बर्फ चालतो. सुती रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं अलगद धरा, पहिल्या दिवशी मधून मधून. थेट कातडीवर बर्फ लावू नका. मूल धरूच देत नसेल तर झटापट करू नका. बर्फाने सूज आणि ठणका कमी होतो, मेंदूवर त्याचा काही उपचार होत नाही.

स्टीलची वाटी किंवा नाणं दाबून धरण्यात जो आराम वाटतो तो थंडपणाचा. दाबल्याने टेंगूळ आत जात नाही, दुखतं मात्र जास्त. चोळणं आणि पहिल्या दिवशी गरम शेक देणं टाळा, दोन्हींनी सूज वाढते. हळद-चुन्याचा लेप तान्ह्या आणि लहान मुलांना लावू नका. चुन्याने कोवळी कातडी भाजते, आणि मुलाचा हात तिथून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. नुसत्या हळदीच्या जाड लेपाखाली सुजेचा रंग आणि आकार झाकला जातो, मग तपासणाऱ्याला काही समजत नाही.

जखम होऊन रक्त येत असेल तर हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही न भरता स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उघडून बघू नका. डोक्याच्या जखमेतून रक्त फार येतं, त्यामुळे लहान जखमही भयंकर दिसते. खाली हाड दबल्यासारखं वाटत असेल तर मात्र जोर देऊ नका.

झोपू द्यायचं की जागं ठेवायचं?

झोपेची वेळ असेल तर झोपू द्या. झोपेने मेंदूला इजा होत नाही. भीती अशी असते की झोपेत बेशुद्धी आली तर कळणार नाही. त्यावर उपाय म्हणजे लक्ष ठेवणं. दमलेल्या, रडून थकलेल्या बाळाला दोन-तीन तास जबरदस्तीने जागं ठेवलं की ते चिडचिडं होतं, खात नाही, आणि मग ही लक्षणं माराची की झोपेची हे ओळखणं सगळ्यांनाच अवघड होतं.

पहिल्या रात्री मुलाला जवळ झोपवा. मधून मधून श्वास संथ आणि एकसारखा आहे का, ओठांचा रंग नेहमीसारखा आहे का ते बघा. डॉक्टरांनी उठवायला सांगितलं असेल, किंवा तुम्हाला चैन पडत नसेल, तर गालाला बोट लावा, पांघरूण काढा, कूस बदला. निरोगी झोपेतलं मूल कपाळाला आठ्या घालतं, तुमचा हात ढकलतं, कुरकुरतं, तान्हं असेल तर तोंडाने छाती शोधू लागतं. एवढं झालं की पुरे, पूर्ण जागं करायची गरज नाही. काहीच प्रतिसाद नसेल तर उचलून बसतं करा आणि हाका मारा. तरीही ते लुळं राहिलं तर लगेच निघा. जागं करण्यासाठी तान्ह्या बाळाला गदागदा हलवू नका, त्यानेच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

झोपेची वेळ नसताना, पडल्यावर तासाभरात मूल पेंगू लागलं तर मात्र दवाखाना गाठा.

किती वेळ लक्ष ठेवायचं?

पहिले चार ते सहा तास डोळ्यांत तेल घालून, मग चोवीस तासांपर्यंत सावधपणे, आणि आणखी एक दिवस सहज नजर ठेवून. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल तर मूल आधी ठीक दिसतं आणि काही तासांनी ढासळतं. ‘इतका वेळ तर छान खेळत होतं’ हे अशा वेळी फसवं असतं. या काळात मुलाला पाळणाघरात पाठवायचं असेल किंवा दुसऱ्या कोणाकडे ठेवायचं असेल, तर त्यांना पडल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय ठेवू नका. काही विचित्र वाटलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते थांबलं असलं तरी डॉक्टरला बघता येतं.

एकदा उलटी झाली. घाबरायचं का?

खूप रडल्यावर किंवा भरल्या पोटी पडल्यावर लहान मुलं एखादी उलटी करतात. त्यानंतर मूल टवटवीत असेल तर तासभर थांबून थोडं थोडं पाणी किंवा अंगावरचं दूध द्या. तीन किंवा जास्त वेळा उलटी झाली, किंवा एका उलटीनंतर मूल मलूल झालं, तर दाखवा. घरातलं उलटीचं औषध देऊ नका. उलटी थांबेल, पण आपल्याला बघायचं असलेलं लक्षण झाकलं जाईल.

पडल्यावर रडता रडता श्वास कोंडला आणि काळंनिळं पडलं. हा झटका होता का?

सहा महिन्यांपासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या काही मुलांना रडण्याच्या भरात श्वास रोखला जातो. ती निळी किंवा पांढरी पडतात, क्षणभर लुळी होतात आणि मग श्वास घेऊन पूर्ववत होतात. अशा मुलांत लोहाची कमतरता असेल तर हे जास्त वेळा होतं. पण डोक्याला मार लागल्यानंतर शुद्ध गेली असेल, तर ती याच कारणाने गेली हे घरी ठरवू नका. डॉक्टरांना क्रम नीट सांगा: आधी पडलं, मग रडलं, मग श्वास रोखला, की पडल्याबरोबरच गप्प झालं. या क्रमावरच निदान अवलंबून असतं.

खरी फिट असेल तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, वेळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मिनिटं जातात, फायदा काही नाही.

सीटी स्कॅन करूनच घ्यावा, म्हणजे मनाला शांतता, असं वाटतं.

वाटणं साहजिक आहे. पण सीटीत क्ष-किरणांचा वापर होतो आणि लहान मुलाच्या वाढत्या पेशींवर त्यांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक जणांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचा डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा साधारण एक आणि मेंदूतल्या गाठीचा साधारण एक जादा रुग्ण दिसेल, असा त्यातला अंदाज होता. धोका छोटा आहे, पण विनाकारण पत्करण्याइतका नाही. शिवाय लहान मूल स्थिर पडून राहावं म्हणून कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं.

म्हणून डॉक्टर ‘चार तास इथेच थांबा, बघू’ म्हणाले तर ती टाळाटाळ नाही. निरीक्षण हीसुद्धा तपासणीच आहे. उलट त्यांनी सीटी लगेच हवा म्हटलं तर किरणांच्या भीतीने नकार देऊ नका. तिथे न करण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

साध्या एक्स-रेमध्ये मेंदू दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आत रक्तस्राव नाही असं म्हणता येत नाही.

दुखण्यासाठी काय द्यायचं?

पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. १० किलोच्या मुलाला म्हणजे १०० ते १५० मिलिग्रॅम. इथे होणारी चूक बाटलीची असते: ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५०. ड्रॉप्स सिरपच्या चमच्याने दिले तर मात्रा कित्येक पट होते. लेबल वाचा. तीन महिन्यांखालच्या बाळाला विचारल्याशिवाय काही नको. आयबुप्रोफेन किंवा ते मिसळलेलं सिरप पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका, ॲस्पिरिन तर नाहीच.

धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलाच हवं ना?

नुसतं टेंगूळ असेल, कातडी फाटलेली नसेल, तर नको. जखम असेल तर लसीकरणाचं कार्ड घेऊन जा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट (धनुर्वातासकट पाच आजारांवरची लस) आणि दीड वर्षाचा बूस्टर वेळेवर झाला असेल, तर साध्या स्वच्छ जखमेसाठी लहान मुलाला पुन्हा टोचायची गरज नसते.

टेंगूळ कपाळाला होतं, आता दोन दिवसांनी डोळे काळेनिळे झाले!

कपाळातलं रक्त खाली उतरून पापण्यांत जमतं. मूल खेळकर असेल तर काळजी नाही. निळा रंग हिरवा, मग पिवळा होत एक-दोन आठवड्यांत जातो. मात्र कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळं आलं, किंवा कानामागे निळसर डाग उमटला, तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची शंका असते, तेव्हा लगेच दाखवा. पडल्यानंतर एक-दोन दिवसांनी बाजूला नव्याने लिबलिबीत सूज आली तर तिथेही खाली फ्रॅक्चर असू शकतं. जुन्या जागी राहिलेली लहान टणक गाठ काही आठवडे टिकते; महिना-दीड महिन्यात कमी होत नसेल तर एकदा दाखवून घ्या.

जन्मल्यावरचं के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि डोक्याचा मार यांचा काय संबंध?

नवजात बाळात रक्त गोठवणारं के जीवनसत्त्व फार कमी असतं, म्हणून जन्मल्याबरोबर मांडीत एक इंजेक्शन देतात. घरी बाळंतपण झालं असेल किंवा ते राहून गेलं असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत किरकोळ धक्क्याने, कधी धक्क्याशिवायही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डिस्चार्ज कार्डावर नोंद आहे का बघा, आणि नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

डॉक्टर सारखं तेच तेच विचारतात, आमच्यावर संशय घेतात असं वाटतं.

कुठून पडलं, कशावर पडलं, कोणी पाहिलं, किती वाजता, हे प्रश्न प्रत्येक पालकाला विचारले जातात. चार महिन्यांचं, अजून पालथंही न पडणारं बाळ ‘आपोआप पडलं’ असं सांगितलं तर डॉक्टर खोलात जाणारच, कारण मारहाण झालेली लहान मुलं स्वतः बोलू शकत नाहीत. कोणी पाहिलं नसेल तर ‘पाहिलं नाही’ असंच सांगा. सासूबाई रागावतील म्हणून उंची कमी सांगणाऱ्या, पलंगाऐवजी गादी म्हणणाऱ्या आया मला भेटतात. त्यांची घुसमट मला समजते, पण त्या एका बदललेल्या शब्दाने उपचार बदलतात. घरातल्यांनी अशा वेळी आईला धारेवर धरलं नाही तर खरी माहिती लवकर मिळते.

पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं?

बाळ पालथं पडायला लागायच्या आधीच त्याला पलंगावर एकटं ठेवणं बंद करा. पहिली कूस ते तुम्हाला न सांगता बदलतं. उशांची भिंत उपयोगाची नाही, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडावर उशी आली तर तो वेगळाच धोका. त्यापेक्षा खाली चटई. साडीची झोळी बांधत असाल तर जमिनीपासून अगदी कमी उंचीवर बांधा, गाठ आणि हूक रोज तपासा. मालिश करून तेलकट झालेलं बाळ उचलताना आधी टॉवेलमध्ये गुंडाळा. अंघोळीच्या वेळचे अपघात बहुधा याच एका क्षणी होतात.

चाकांचा वॉकर घेऊ नका, कोणी भेट दिला तर वापरू नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होऊ शकतो, आणि जिन्यावरून वॉकरसकट कोसळलेल्या मुलांना डोक्याचा मोठा मार लागतो. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून प्रत्येक खेळण्यांच्या दुकानात मिळतो.

खिडकीला जाळी हवीच. शिवाय खिडकीखालचा दिवाण किंवा सोफा हलवा, कारण मूल त्यावर चढूनच खिडकीत पोचतं. गच्चीचं दार संक्रांतीच्या दिवसांत विशेष सांभाळा. आणि दुचाकीवर मुलाला पुढे उभं करू नका. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढे मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग बंधनकारक आहे. हेल्मेट घेताना मुलाला दुकानात बरोबर न्या. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जातं.